गुरुवारचं तळण

माझ्या बायकोला, अनारकानला, जाऊन वर्ष व्हायला थोडेच दिवस उरले होते, तेव्हा तिचा कॉम्प्युटर आजारी पडला. आजारी म्हणतो, कारण दुसरा शब्द मला सुचत नाही. मी आयुष्यभर ट्रक चालवला. ट्रक बिघडला की आवाज करतो, धूर सोडतो, तेल गाळतो. कॉम्प्युटर तसलं काही करत नाही. नुसता थांबतो, आणि समोरच्या माणसाला वाटत राहतं की आपलंच काहीतरी चुकलं.

किर्गिझस्तानातल्या तोकमोक गावातलं आमचं घर लहान आहे. स्वयंपाकघराला लागून एक खोली, तिथे खिडकीशी तिचं टेबल. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांचे अर्ज, लग्नाची बोलावणी, पोरांचे प्रबंध तिनं त्या टेबलावर टाइप करून दिले. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली जमिनीवर असायचा, अजूनही तिथेच आहे. तिच्या हयातीत मी त्याला हात लावला नाही. ती गेल्यावर आमची मुलगी एल्नुरा कोरियाला, सोलला परत जाण्याआधी मला एवढंच शिकवून गेली: बटण दाबायचं, थांबायचं, आणि डाव्या कोपऱ्यातल्या चित्रावर दोनदा टिचकी मारायची.

ते चित्र म्हणजे अनारकान. एल्नुरानं एकदा नवा कॅमेरा पाठवला होता. तो चालतो का, हे बघताना तिच्याकडून चुकून काढलं गेलं. ती पडद्याकडे वाकून बघते आहे, डोक्याचा रुमाल मागे सरकलेला. "चालू आहे का हे? दिवा तर लागलाय," असं म्हणते. मग मान वळवून स्वयंपाकघराकडे ओरडते, "जुमादिल! दार लाव ना ते! कितीदा सांगायचं?" मी तेव्हा आत मासे तळत होतो. माझ्या हातचं तेवढंच एक बरं व्हायचं. पुढेही ती बरंच काही बडबडते, मला रागावते, आणि रागावता रागावताच हसते. मग हात पुढे करते आणि सगळं बंद होतं.

तिचा आवाज एवढाच उरला आहे. फोटो पुष्कळ आहेत, पण फोटो बोलत नाहीत. आणि ती शेवटचं बोलली ते अर्धंच राहिलं. सकाळी चहा ओतताना म्हणाली, "बाजारातून येताना जरा…" आणि थांबली. मी वर पाहिलं तर ती भिंतीला टेकली होती, डोळे उघडे. बाजारातून काय आणायचं होतं, ते मला अजून ठाऊक नाही.

गुरुवारी आमच्यात तेलाचा वास काढतात. गेलेली माणसं गुरुवारी उंबऱ्यापर्यंत येतात, घरात कुणाला आपली आठवण आहे का बघतात. तळणाचा वास हाच त्यांचा घास. घरोघरी हे काम बायका करतात. माझी मोठी बहीण कुलुइपा म्हणाली होती, "मी येऊन तळत जाईन. पुरुषाच्या हातचे बोरसोक म्हणजे दगड." पण मी ऐकलं नाही. कणीक मळायला शिकलो, तिचे चौकोनी तुकडे पाडायला शिकलो, ते तेलात कधी फुगतात आणि कधी करपतात, तेही शिकलो. आणि स्वयंपाकघरात तळलं नाही. अनारकान आली तर चुलीपाशी कशाला येईल? चुलीचा तिला कंटाळा होता. ती यायची तर तिच्या टेबलापाशी. म्हणून दर गुरुवारी विजेची शेगडी टेबलाशेजारी ठेंगण्या स्टुलावर ठेवायची, कढई चढवायची, आणि तळता तळता ते चित्र लावायचं. ती रागवायची, मी तळायचो. मग ताट घेऊन शेजारीपाजारी वाटून यायचो. वर्षभर असंच चाललं होतं.

बोरसोक खाण्यात पहिला नंबर शेजारच्या एसेनकुलचा. तो पोस्टातून निवृत्त झाला. आपल्याला सगळं येतं असं त्याला वाटतं, आणि बरंचसं खरंच येतं. एकदा पडद्यावर एक पाटी आली. ती त्यानं चष्मा वर करून वाचली.

"जुमादिल, ही सिस्टीम जुनी झाली. आता हिला कुणी राखणदार नाही. नवी घालावी लागेल."

"घातली नाही तर?"

"चोर शिरतील."

"काय नेतील? अर्ज?"

"तुझं ते चित्र नेतील," तो म्हणाला, आणि मी त्याला खुर्ची पुढे केली.

नवी सिस्टीम घालायला सबंध दिवस लागला. पडद्यावर गोल गोल फिरणारं काहीतरी होतं आणि आम्ही दोघं चहा पीत त्याच्याकडे बघत होतो. शेवटी सगळं उजळलं, नवं दिसलं, कोपरे गोल झाले. एसेनकुल म्हणाला, "बघ, नवरी!" मी चित्र शोधलं. ते होतं. लावलं नाही, गुरुवार नव्हता.

गुरुवारी कढई चढवली, बटण दाबलं. एरवी तेल तापेपर्यंत पडदा उघडायचा. त्या दिवशी पहिला घाणा निघाला तरी गोल फिरतच होतं. दुसरा घाणा निघाला. मग चित्र आलं, पण वरून खाली, पट्टी पट्टीनं. आधी रुमाल, मग कपाळ, मग डोळे. ती बोलायला लागली आणि माझ्या हातातला झारा खाली पडला.

तो आवाज तिचा नव्हता. जाड, लांबलेला, एखाद्या दारू प्यायलेल्या पुरुषासारखा. "जुऽऽऽमाऽऽऽ…" आणि थांबली. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, मान अर्धी वळलेली. तशीच राहिली. मी टिचकी मारली, पुन्हा मारली. कढईत बोरसोक काळे झाले. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला चहाची किटली दिसत होती, ती भिंत दिसत होती. मग पडदा एकदम काळा झाला आणि डब्याचा आवाजही बंद पडला.

मी एसेनकुलच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. त्याची बायको घाबरून बाहेर आली. वडीलधारा म्हणून ती मला बाइके म्हणते.

"काय झालं, बाइके? कोण गेलं?"

"अनारकान," मी म्हणालो. ती माझ्याकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसेनकुल बाह्या सरसावून बसला. तो म्हणाला, काही घाबरायचं नाही, नवी सिस्टीम घरात आली की आधी सगळं सामान मोजते, कुठे काय आहे बघते, म्हणून मंद होते. एक-दोन दिवस चालू ठेव, मोजून झालं की पळेल. चालू ठेवला. पळाला नाही. मग म्हणाला, सुरू होताना खंडीभर गोष्टी आपोआप उठतात, त्या झोपवू या. झोपवल्या. जरा बरा चालला, मला हुरूप आला, मी चहा करून आणेपर्यंत पुन्हा मेल्यासारखा. मग त्यानं पडद्यावरचे दिखाऊ खेळ बंद केले, चोर पकडणारा जुना प्रोग्रॅम काढून टाकला. दर वेळी तेच. आधी थोडा वेळ बरं, मग गोगलगाय, मग काळोख.

"तू केलंस हे," मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

"मी केलं?" एसेनकुल लाल झाला. "वर्षभर तुझे जळके बोरसोक खाल्ले, त्याचं हे बक्षीस?"

"जळके होते तर खाल्लेस कशाला?"

"मेलेल्या बाईसाठी खाल्ले! तुझ्यासाठी नाही!"

त्यानं चष्मा पुसला. म्हणाला, "जुनी सिस्टीम परत आणून बघतो." तेही अर्ध्यावर काळं झालं.

शेवटी तो म्हणाला, "आता एकच. सगळं पुसायचं आणि कोऱ्यावर नव्यानं घालायचं. आत काही घाण असेल तर निघून जाईल."

"आणि ती?"

"आधी तिला बाहेर काढू." त्यानं खिशातून अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह काढला. "यात."

ते चित्र त्यात जाताना पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकते. ती अर्ध्यापर्यंत सरकली आणि काळोख. थोड्या वेळानं पुन्हा लावलं. या वेळी अर्ध्यापर्यंतही पोचली नाही. तिसऱ्यांदा नुसतं हिरवं टोक दिसलं आणि गेलं. एसेनकुल माझ्याकडे न बघता म्हणाला, "डिस्क मरत असेल. आता फार छेडायचं नाही. असंच चालू-बंद केलं तर एक दिवस उघडणारच नाही."

मी खुर्चीवर बसलो. एकदा माणूस वाक्य अर्धं टाकून जातं, ते कसंबसं सोसलं. पुन्हा तेच होणार, माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच घरात, हे काही डोक्यात शिरेना.

त्याच वेळी कुलुइपा आली. वर्षाच्या जेवणाचं ठरवायला आली होती. तिनं दोघांची तोंडं पाहिली आणि आमच्याकडून सगळं वदवून घेतलं.

"बरं झालं," ती म्हणाली.

"एजे!" एसेनकुल ओरडला. थोरली बहीण म्हणून कुलुइपाला आम्ही सगळे एजे म्हणतो.

"तू गप रे पोस्टमन. तुझ्यामुळेच हे सुरू झालंय. जुमादिल, इकडे बघ. ती जायला बघतेय आणि तू तिला वायरीनं बांधून ठेवलंयस. मेलेल्या माणसाला दर गुरुवारी कामाला लावतोस. बोल, रागव, हस! ती दमली असेल. तेच सांगतेय ती तुला, मंद होऊन."

"ती काही सांगत नाही, एजे. यंत्र बिघडलंय."

"मग गुरुवारीच का बिघडलं?"

ती पुढे म्हणाली, "घोड्याचं बघ. कापायचा घोडा ठरवायचाय, दोनशे माणसं जेवायला येणार, आणि हा डब्यासमोर बसलाय. पुसून टाक. जेवण झालं की कुणाला तरी देऊन टाक, तिच्या नावानं."

"एजे, त्यात तिचा आवाज आहे."

कुलुइपा रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधत बसली. मग एसेनकुलला म्हणाली, "बाजारात ती सालिमा आहे ना, कंटेनरमध्ये बसते ती. माझ्या नातवाचा फोन तिनंच जिवंत केला. बघता काय, उचला."

आम्ही डबा रजईत गुंडाळला आणि एसेनकुलच्या गाडीत माझ्या मांडीवर ठेवला. खड्डा आला की मी त्याला छातीशी धरत होतो.

सालिमाचं दुकान म्हणजे एक निळा लोखंडी कंटेनर, एका बाजूला बुटांचं दुकान, दुसऱ्या बाजूला बियाण्यांचं. बाई चाळिशीची, जाड, कानामागे पेन, तोंड सतत चालू. एका गिऱ्हाइकाला म्हणत होती, "फोन पाण्यात पडला नाही म्हणता? मग मासा कुठून निघाला यातून?" ते गिऱ्हाईक गेल्यावर आमच्याकडे वळली.

"रजईत काय आणलंत, बाइके? बाळ?"

एसेनकुलनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. नवी सिस्टीम, मोजणी, झोपवलेले प्रोग्रॅम, हिरवी पट्टी. तिनं मध्ये तोडलं नाही. "बरोबर केलंत सगळं," ती म्हणाली. "मीही हेच केलं असतं. मलाही ऐकून डिस्कच वाटतेय. आधी ती बाहेर काढून आतलं सगळं वाचवू, मग बघू." तिनं स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला.

आणि वास आला.

कंटेनरमध्ये गरम लोखंडाचा, रबराचा, शेजारच्या बुटांचा वास होता. त्या सगळ्याला बाजूला सारून तळणाचा वास आला. गुरुवारचा. सालिमा पत्रा हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिनं दिवा खाली ओढला आणि आम्ही तिघंही वाकलो.

आत यंत्र दिसतच नव्हतं. पंख्याच्या पात्यांवर, पात्यांखालच्या धातूच्या बारीक पट्ट्यांमध्ये, सगळीकडे पिवळट करडा थर. तेल आणि धूळ एकमेकांत बसून, आमच्या बायका लोकर थापून नमदा करतात ना, अगदी तसा. सालिमानं चिमट्यानं टोक धरलं आणि ओढलं. तो नमदा अख्खा निघून आला, तळहाताएवढा, खाली पंख्याचा आकार उमटलेला. टेबलावर ठेवला तर चिकटला.

"या अल्ला," एसेनकुल म्हणाला.

सालिमा हसायला लागली. "बाइके, खरं सांगा! बोरसोकचं दुकान काढलंय का तुम्ही? आणि हा गल्ल्यावर बसवला होता?"

मी सांगितलं. शेगडी कुठे ठेवतो, कशासाठी ठेवतो, चित्र कधी लावतो. सांगताना माझी नजर त्या थरावरच होती. वर्षभराचे सगळे गुरुवार तिथे होते. मला वाटत होतं वास वर जातो, तिच्याकडे जातो. तो खाली चालला होता. हा डबा श्वास घेत होता आणि मी त्याच्या नाकाशी कढई धरली होती.

सालिमाचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. तिनं पेचकस हातात तसाच ठेवून दोन्ही तळवे चेहऱ्यावरून खाली फिरवले, गुरुवारचा वास आल्यावर गेलेल्यांसाठी दुआ मागत फिरवतात तसे. एसेनकुलनं फिरवले. मग मीही.

"डिस्क नाही मरत," ती हळू आवाजात म्हणाली. "हा गुदमरलाय. जुन्या सिस्टीमला काम कमी, तोपर्यंत कसाबसा ओढत होता. नवी जास्त काम सांगते. काम केलं की तापतो, तापला की आपणच हळू होतो, आणि अगदीच सोसेना की बंद होतो. जळू नये म्हणून. शेगडी शेजारी असली की अजून लवकर."

"म्हणजे मी केलं नाही," एसेनकुल म्हणाला.

"तुम्ही नुसतं डोंगर चढायला लावलंत, बाइके. नाक यांनी बांधलं होतं."

"मी त्याच खोलीत बसून ताटं रिकामी केली," एसेनकुल मला म्हणाला. "वास येत होता मला. गुरुवारी कुठे येत नाही?"

सालिमानं डिस्क काढून आधी चित्र वाचवलं. एक नाही, दोन पेनड्राइव्हवर घातलं. मग स्पिरिट आणि दात घासायचा ब्रश घेऊन बसली. कापूस काळा होत होता, ती टाकत होती, नवा घेत होती. मधे गिऱ्हाइकं आली, त्यांना म्हणाली, "नंतर या, ऑपरेशन चालू आहे." कुणी विचारलं, "बोरसोक कुठे तळताहेत?" तिनं ब्रशनं डबा दाखवला. शेवटी पंख्याखाली कसलासा पांढरा मलम लावला, सगळं जागेवर बसवलं, वायरी जोडल्या आणि बटण दाबलं.

मी तयारच नव्हतो. मला वाटलं चहा पिण्याइतका वेळ असेल. पडदा झटकन उघडला. तिनं कोपऱ्यातल्या चित्रावर टिचकी मारली आणि अनारकान समोर आली. पट्टी पट्टीनं नाही, सगळी एकदम.

"चालू आहे का हे? दिवा तर लागलाय." मान वळली. "जुमादिल! दार लाव ना ते! कितीदा सांगायचं? सगळा धूर माझ्या मशीनमध्ये शिरतो. गुदमरून बंद पडेल एक दिवस, मग बस माझ्या तोंडाकडे बघत!"

मागून माझा आवाज: "लावतो, लावतो." दार लागल्याचा आवाज नाही. ती हसली, हात पुढे केला. बंद.

बियाण्यांच्या दुकानात कुणीतरी भाव करत होतं, ते ऐकू येत होतं. मी हे चित्र किती वेळा पाहिलं याचा हिशेब नाही. प्रत्येक शब्द माझ्या कानावरून गेला होता. पण मी आवाज ऐकत होतो, ती काय म्हणतेय ते ऐकत नव्हतो. वर्षभर दर गुरुवारी ती मला हेच सांगत होती, आणि मी शेगडीवर कढई ठेवून तिच्याकडे बघत मान हलवत होतो.

"बाइके," सालिमा म्हणाली, "पाणी देऊ?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाही माहीत नाही. तिनं पाणी आणलं. निघताना म्हणाली, "येत्या गुरुवारी माझा वाटा पाठवा. जळके असले तरी चालतील."

त्या गुरुवारी कुलुइपा लवकर आली. मी शेगडी स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली होती. खिडकी उघडली, तेल तापत घातलं. कणीक तिनं मळली, मी कापली. तळायला ती उभी राहिली. पहिले तुकडे तेलात पडले, तसा मी उठलो आणि मधलं दार लावून घेतलं. ते दार आम्ही कधी लावत नव्हतो, खाली घासतं. खांद्यानं रेटून नीट बसवलं.

"अरे, दार काय लावतोस?" कुलुइपा म्हणाली. "तूच म्हणायचास ना, ती टेबलापाशी येते? मग तिला वास कसा जाणार?"

"तिनंच सांगितलंय लावायला."

"कधी?"

"परवा," मी म्हणालो. "बाजारात."

एजेच्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला, तेल टपकत. मी तो हळूच तिच्याकडून घेतला, कारण बोरसोक फुगून आले होते आणि आता उलटायला हवे होते.